काळं टोक

कागद सोमवारी आला, दूधगाडीच्या ड्रायव्हरच्या हाती, आणि तो आधी वाचला सुनेने. घरात वाचता येणारे तिघं होते, पण कागद दिसला की मामंजींना चष्मा सापडत नसे आणि नवऱ्याला हमखास बाहेरचं काम आठवत असे. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, पण कागदात काय असेल ते त्यांना न वाचताच कळायचं आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

सुनेला सगळी गल्ली 'चौकशी' म्हणायची. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, दोराला तीनच पेड का, चार का नाहीत. मग चाक कुणी बनवलं, पीळ उजवीकडेच का द्यायचा, उरलेला भुगा कुठे जातो. मामंजी म्हणाले होते, "ही सून आहे का चौकशी कचेरी?" तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. तिला त्याचा कधी राग आला नाही. उलट, कुणी 'चौकशी' अशी हाक मारली की ती लगेच ओ द्यायची.

कागद शहरातल्या सहकारी भांडाराचा होता. बागांमध्ये आणि रस्त्याकडेला लावलेली रोपं काठ्यांना बांधायला त्यांना पूर्ण मोसमभर वाखाचा, म्हणजे घायपाताच्या धाग्याचा, दोर हवा होता. पण घेण्याआधी त्यांना त्या दोराची सगळी माहिती हवी होती. पान कुठून येतं, पाणी किती लागतं आणि वापरलेलं पाणी जातं कुठे, काम करणाऱ्यांच्या हातापायांना काय होतं, दोर किती दिवस टिकतो आणि शेवटी, टाकून दिल्यावर, त्याचं काय होतं. शनिवारी त्यांच्या बाई स्वतः बघायला येणार होत्या.

"दोराचा जन्मदाखला मागतायत की काय," नवरा म्हणाला.

"आणि मृत्यूचाही," ती म्हणाली. तिचे कान गरम झाले होते. दहा वर्षं ती हा दोर वळत होती आणि त्याबद्दल तिला जे जे ठाऊक होतं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. आता विचारत होते, तेही छापील कागदावर, उत्तराला जागा सोडून. तिला इतका आनंद झाला की भाकरी करपली.

आनंदाला दुसरंही कारण होतं. बाजारात नायलॉनचा दोर आल्यापासून घरचं चाक अर्धा दिवसच फिरत होतं. दोन माणसांचं काम उरलं होतं आणि माणसं होती चार. शेवटी नवऱ्याने शहरातल्या नायलॉनच्याच कारखान्यात शब्द टाकला होता. पुढच्या सोमवारी त्याला तिथे हजर व्हायचं होतं. राहायला दहा जणांत एक खोली, घरी यायचं महिन्यातून एकदा. भांडाराने दोर घेतला तर तो जाणार नव्हता. म्हणजे शनिवारी काय ते ठरणार होतं.

"लिही," मामंजी चाकावर बसल्या बसल्या म्हणाले. "शेवटी काय होतं? माती होते. झाडाचा दोर, मातीत जातो. नायलॉनवाल्याने असं लिहून दाखवावं."

तिने पेन्सिल उचलली आणि थांबली. "कुणी बघितलंय?"

"काय बघायचंय?"

"माती होताना."

मामंजींनी चाक थांबवलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने छपराकडे पाहिलं. चाळीस वर्षं या घरातून दोर बाहेर गेला होता आणि बाहेर गेलेला दोर शेवटी कुठे गेला हे बघायला कुणीही गेलं नव्हतं.

"मग मी बघून येते," ती म्हणाली.

मंगळवारी दोघं नवराबायको बांधावरची घायपाताची पानं कापायला गेली. ऊन सकाळीच तापलं होतं. तो कोयत्याने पान बुडातून तोडायचा, टोकाचा काटा छाटायचा, ती भारे बांधायची. त्या पानाचा रस अंगाला लागला की खाज सुटते आणि खाजवलं की वाढते, हे लहान मुलालाही माहीत असतं, तरी माणूस खाजवतोच. दुपारपर्यंत तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले. सावलीत बसून तिने कागद काढला आणि लिहिलं : हाताला खाज, दोन दिवस राहते. मानेलाही.

"असलं लिहितात का कुठे?" नवरा म्हणाला. "बाईंना वाटेल आपण रडतोय."

"त्यांनी विचारलंय. मी रडत नाहीये, मी सांगतेय."

भारे डोक्यावर घेऊन ती ओढ्याच्या डोहावर आली. इथे पानं दगडाखाली दाबून आठ दिवस कुजत ठेवायची, मग मोगरीने झोडपून त्यातला वाख मोकळा करायचा. उन्हाळ्याने ओढा इतका आटला होता की डोहातून बाहेर पडणारं पाणी मनगटाएवढं होतं, आणि ते तपकिरी होतं. वास तर विचारू नका. घरच्या माणसांना तो येईनासा झाला होता.

खालच्या अंगाला परटीण होती. सुनेला पाहताच तिने धोपाटणं खाली ठेवलं आणि पदर खोचला. "आलीस? आता आणखी टाका. दवाखान्याच्या चादरी आहेत या. तीनदा धुतल्या, तरी नर्सबाई म्हणते वास येतो. म्हणते, चादरीवर कोण मेलंय का? तुमच्या घराचा वास मी किती दिवस धुवायचा?"

गेल्या महिन्यापासून हे भांडण चालू होतं. मामंजी म्हणायचे, ओढा कुणाच्या बापाचा नाही. परटीणही तेच म्हणायची. सुनेने डोक्यावरचा भारा उतरवला, दगडावर बसली आणि कागद उघडला.

"तीनदा म्हणजे रोज तीनदा?"

परटीण भांडायला तयार होऊन उभी होती. "लिहितेस कशाला? तक्रार करतेस का माझी?"

"तुमची कशाला? आमचीच करतेय. सांगा ना, साबण किती जास्त लागतो?"

मग परटिणीने जे सांगायला सुरुवात केली ते तासभर चाललं. साबण, कंबर, पाण्यात उभं राहून पायाला झालेल्या चिरा, गवळ्याची म्हैस पाणी न पिताच परत जाते ते, आणि अधूनमधून तिच्या धाकट्या जावेचं वागणं, ज्याचा ओढ्याशी काही संबंध नव्हता. सुनेने जावेचं सोडून सगळं लिहून घेतलं. उठताना परटीण म्हणाली, "पानं वर खड्ड्यात का नाही कुजवत? घाण पाणी तुमच्याच बांधाला सोडा की. घायपाताला काय, काहीही चालतं."

इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही याची सुनेला लाज वाटली, आणि कुणीतरी सांगितली याचा आनंदही झाला. घरी येऊन तिने नवऱ्याच्या हातात कुदळ दिली. तो कुरकुरला, पण गेला. मामंजींनी तोंड फिरवलं. ओढ्यावरून माघार घेणं त्यांना झोंबलं होतं.

बुधवारी ती दोराच्या शेवटामागे निघाली. गवळ्याने चार वर्षांपूर्वी म्हशीचं दावं त्यांच्याकडूनच घेतलं होतं. "तुटलं. उकिरड्यावर फेकलं," गवळी म्हणाला. "कुजलंही असेल."

"असेल का आहे?"

गवळी हसला आणि त्याने तिला खोरं दिलं. तिने साडी वर खोचून उकिरडा उकरायला घेतला. गल्लीतली दोन-तीन माणसं बघायला जमली. दोराची माणसं शेणात काय शोधतायत हे कुणालाच कळेना. अर्ध्या तासाने खोऱ्याला काहीतरी कडक लागलं. बोटभर लांबीचं, काळं, दगडासारखं टणक. तिने ते पदराने पुसलं आणि ती ओरडलीच, "मामंजींचं टोक!"

मामंजींच्या दोराची ती खूण होती. दोर वळून झाला की टोकं उसवू नयेत म्हणून ते दोन्ही टोकं जळक्या ऑइलच्या डब्यात बुडवून वाळवायचे. ऑइल गॅरेजवाला फुकट द्यायचा. बाजारात काळं टोक दिसलं की लोक समजायचे, दोर याच घरचा. परसात तो डबा ठेवायचे तिथे वीतभर जागेत गवतसुद्धा उगवत नव्हतं आणि मामंजी पाहुण्यांना ती जागा अभिमानाने दाखवायचे : "बघा, किडा-मुंगी फिरकत नाही. असा माल."

त्या उकिरड्यात दोराचा बाकी धागाही सापडला नाही, त्याची खरंच माती झाली होती. टोकं मात्र दोन्ही मिळाली. विहीर खणणाऱ्याच्या घरामागे आणखी पाच मिळाली, झोपाळ्यांना दोर नेणाऱ्या बाईकडे चार. चार-चार, सहा-सहा वर्षांपूर्वीची. ती फुशारून गेली. मामंजींचा माल किती टिकाऊ आहे, याचा पुरावाच तिने पदरात बांधला होता. बाईंसमोर एक-एक करून मांडायचा आणि त्यांचा चेहरा बघायचा, असं ठरवत ती रोपवाटिकेत शिरली.

रोपवाटिकेवाले काका मामंजींचे जुने मित्र. तिने टोकं दाखवली तेव्हा ते हसले नाहीत. "ये," म्हणाले आणि तिला मागच्या ओळीत घेऊन गेले. तिथे माणसाएवढी रोपं काठ्यांना बांधलेली होती. त्यांनी एका रोपाची गाठ सोडली. गाठीखाली खोडाला काळं कडं पडलं होतं, साल फाटून आत पाणी सुटलं होतं. दुसऱ्याचंही तसंच. तिसरं वरून वाळून गेलं होतं.

"मधल्या दोराने बांधलेली बघ, काही झालेलं नाही," काका म्हणाले. "टोकाचा तुकडा बांधला की असं. आता मी टोकं कापून टाकतो. कुठे टाकू तेही कळत नाही. जाळली तर डोळे चुरचुरतात, पुरली तर तिथे काही येत नाही. पिंपात भरून ठेवलीयत."

"आम्हाला सांगितलं का नाही?"

"तुझ्या सासऱ्याला? त्याच्या टोकाबद्दल?" काकांनी हात जोडले. "मला अजून दोन दिवस जगायचंय."

ती परत येताना एकदाही कुणाशी बोलली नाही, आणि गल्लीने ते लक्षात घेतलं. पदरातल्या अकरा टोकांचं ओझं जाणवत होतं. भांडाराला दोर हवा होता तो रोपंच बांधायला.

गुरुवारी ती नवऱ्याशी बोलली. तो कमरेइतक्या खड्ड्यात उभा होता, घामाने निथळत.

"शनिवारपर्यंत गप्प बस," तो म्हणाला. "एकदा माल जाऊ दे. मग हळूहळू सांगू बाबांना."

"आणि त्यांची रोपं?"

"मला तिकडे दहा जणांच्या खोलीत पाठवायचंय का तुला?"

तिला रडू आलं, कारण तसं तिला अजिबात नको होतं, आणि तो गेल्यावर घर कसं होईल हे ती रोज मनात बघत होती. त्याने पुन्हा कुदळ उचलली. संध्याकाळी पहिले भारे नव्या खड्ड्यात पडले आणि ओढ्याच्या वाटेवर परटीण उभी राहून बघत होती. तिने मान डोलावली.

शुक्रवारी वाख विंचरताना तिने सासूबाईंना विचारलं, "आई, ऑइल नव्हतं तेव्हा टोकाला काय करायचे?"

"बांधायचे. बारीक वाख ओला करून टोकावर गुंडाळायचा, घट्ट, एकाला एक लागून. शेवट आत ओढून घ्यायचा. ते माझं काम होतं." सासूबाईंनी उजवा हात पुढे केला. दोन बोटांच्या आतल्या बाजूला जुने, पांढरे चरे होते, ते सुनेने रोज पाहिले होते आणि त्यांची चौकशी मात्र कधी केली नव्हती. "वाख कापतो. पहिल्या बाळंतपणानंतर बोटं पिकली, पोराला घेता येईना. हे कुठून तरी ऐकून आले आणि ऑइलचा डबा घेऊन आले. म्हणाले, आजपासून टोक तुझ्या बोटांनी बांधायचं नाही."

सुनेने कागद काढला, पण ते कुठल्या प्रश्नाखाली लिहावं ते तिला ठरवता येईना.

शनिवारी बाई आल्या. वयाने सुनेपेक्षा लहान, पायात धुळीने भरलेल्या चपला, खांद्याला पिशवी. त्यांनी चहा घेतला आणि लगेच उठल्या. बांधावर गेल्या, पानाला हात लावला, खाज सुटली तेव्हा हसल्या. खड्डा पाहिला, ओढा पाहिला. परटिणीला भेटल्या आणि तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या, म्हणजे जावेचंही ऐकलं असणार. मग गल्लीत आल्या. मामंजींनी चाक फिरवलं, सुनेने कमरेला वाख बांधला आणि बोटांतून सोडत सोडत ती उलट्या पावलांनी गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली. दोर वळणाऱ्याला असंच चालावं लागतं, पाठीमागे काय आहे ते न बघता. आज तिला त्याची भीती वाटत होती.

"सुंदर," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद वाचायला घेतला. साबणाच्या ओळीवर त्या थांबल्या. "इथे आजवर सगळे 'काही नाही' असं लिहितात. पाण्याला काय होतं? काही नाही. तुम्ही पहिल्याच." मग त्यांनी पान उलटलं. "शेवटचा प्रश्न मात्र रिकामा आहे."

"माती होते," मामंजी म्हणाले. "लिहायचं राहिलं असेल. सगळी माती."

सगळे तिच्याकडे बघत होते. नवऱ्याने डोळ्यांनीच नको म्हटलं. तिने पदराची गाठ सोडली आणि अकरा काळी टोकं बाजेवर मांडली.

"हे उरतं," ती म्हणाली.

मामंजींनी एक उचललं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे गवळ्याच्या दाव्याचं. पीळ बघा. चार वर्षं झाली, बघा कसं आहे." बाईंनी ते हातात घेऊन हुंगलं. मग सुनेने रोपवाटिकेचं सांगितलं, काळी कडी, फाटलेली साल, काकांचं पिंप, सगळं. तिने एकही शब्द गाळला नाही. बोलत असताना ती मामंजींकडे बघत होती, कारण दुसरीकडे बघून बोलणं तिला चोरीसारखं वाटलं असतं.

"तो मला काही बोलला नाही," मामंजी म्हणाले.

ते उठले आणि मागे परसात गेले. चाळीस वर्षं गल्लीत ताठ चालणारा माणूस परक्या बाईसमोर सुनेकडून असं ऐकून घेतो, हे बघणं सोपं नव्हतं.

"तेल लावलेला दोर मला घेता येणार नाही," बाई हळू म्हणाल्या. "वाईट वाटतं. पण रोपांना नाही चालणार."

नवऱ्याने भिंतीला डोकं टेकलं. सुनेला वाटलं, आपण आपल्याच हाताने त्याला गाडीत बसवलं.

तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी दोराचा तुकडा घेतला, वाख तोंडाने ओला केला आणि टोकावर गुंडाळू लागल्या. पंचवीस-तीस वर्षं न केलेलं काम बोटांना आठवत होतं. शेवट आत ओढून त्यांनी ते बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ओढून पाहिलं, आपटून पाहिलं. ते उसवलं नाही.

"एका टोकाला किती वेळ लागतो?"

"चहा उकळेल तेवढा."

"म्हणजे दोराला दोनदा. हे काम किती माणसांचं आहे?"

"चौघांचं." मामंजी दारात उभे होते. हातात ऑइलचा डबा होता, झाकण घट्ट लावलेलं. "हा गॅरेजवाल्याला परत देऊन येतो. आणि हिची बोटं यात धरू नका. हिच्या बोटांनी खूप केलं. टोक मी बांधणार. कागदावर तसं लिहा."

"तुम्हाला येतं?" सासूबाई म्हणाल्या.

"तू शिकव."

"बोटं चिरतात."

"चिरू दे. ते पण लिही, सूनबाई. म्हाताऱ्याची बोटं चिरली."

बाई हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. बोटांना चामड्याची टोपी शिवून घ्या, त्या म्हणाल्या, तोही खर्च दोरात धरा. आधी पन्नास दोर त्या घेणार होत्या. दोन महिन्यांनी येऊन रोपवाटिकेत बघणार आणि मग पुढचं. मोसमाचा शब्द त्यांनी दिला नाही. पण पन्नास दोर म्हणजे शंभर टोकं, आणि तीही बांधायची.

मामंजी मुलाकडे वळले. "कारखान्यात निरोप धाड. म्हणावं, घरात माणूस मोकळा नाही."

नवरा गेला आणि चाकाजवळ बसला, बापाच्या जागेवर, आणि उगाचच त्याने ते एकदा फिरवून बघितलं. सुनेचं हसू तोंडात मावत नव्हतं. मामंजींनी बांधलेलं पहिलं टोक लगेच सुटलं, दुसरंही सुटलं. सासूबाईंनी मान हलवली आणि पुन्हा दाखवलं. तिसरं टिकलं. वाकडं होतं, पण टिकलं.

बाई निघायच्या घाईत होत्या. "शेवटचा रकाना तेवढा भरा."

सुनेने पेन्सिल घेतली. आता लिहायला काहीच हरकत नव्हती. तिने 'माती' एवढं लिहिलं आणि मामंजी तिच्या खांद्यावरून वाकले. या वेळी त्यांना चष्मा सापडला होता.

"कुणी बघितलंय?" ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग 'माती' खोडलं. मामंजींनी ते वाकडं टोक बांधलेला तुकडा उचलला, परसात जिथे गवत उगवत नव्हतं त्याच्या शेजारच्या चांगल्या मातीत वीतभर खड्डा केला आणि पुरला. वर खूण म्हणून काठी रोवली. ती माती थापटून झाल्यावर सुनेने रकान्यात लिहिलं : आज पुरला आहे. बघून कळवू.